जुन्या घराला नवा नियम : किल्लारीनंतर आपल्या भिंतींचं काय झालं?



आज आपण आपल्या घराच्या भिंतींचा इतिहास सांगणार आहोत. राजे-महाराजांचा इतिहास शाळेत शिकवतात. पण ज्या भिंतीला पाठ लावून आपण लेकराला पाजतो, ज्या माळवदाखाली चूल पेटवतो, त्याचा इतिहास कुणी शिकवत नाही. धाराशिव आणि लातूर जिल्ह्यांत तर या भिंतींनी एका रात्रीत हजारो माणसं नेली. त्यानंतर घरं बांधायचे नियम बदलले. ते बदल काय होते, कुणी अमलात आणले आणि आजही उभ्या असलेल्या जुन्या घरांना ते लागले का, एवढं आज पाहू.

३० सप्टेंबर १९९३. गुरुवार. गणपतीचं विसर्जन करून गावं नुकतीच झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाची तीव्रता होती ६.२. किल्लारी हे गाव लातूर जिल्ह्यातलं, म्हणून सगळे त्याला किल्लारीचा भूकंप म्हणतात. पण तेरणेच्या अलीकडं आपल्याही जिल्ह्यातली गावं भुईसपाट झाली. सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही नावं काढली की आजही उमरगा-लोहारा भागातल्या म्हाताऱ्या बाया गप्प होतात. सरकारी नोंदीत जवळपास आठ हजार माणसं गेली; दहा हजारांच्या आसपास गेली असंही अनेक ठिकाणी लिहिलेलं आहे. बहुतेकांचा जीव घरातल्या घरात गेला. दगड, माती आणि लाकूड अंगावर पडून ती गेली.

जगात ६.२ तीव्रतेचे भूकंप दर वर्षी होत असतात. सगळीकडे इतकी माणसं मरत नाहीत. मग आपल्याकडंच एवढी का मेली? याचं उत्तर शोधायचं तर आधी आपलं जुनं घर नीट बघायला हवं.

आपलं जुनं घर म्हणजे माळवद. आत लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं आणि फळ्या, आणि त्यावर मातीचा थर. घर किती मोठं ते खणांवर मोजायचे. बाहेरून दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती. भिंतीत कोनाडे, देवळ्या, धान्याची बळदं. उजेडासाठी आणि धुरासाठी वर सवणं. उन्हाळ्यात बाहेर जीव भाजत असताना आत गारवा असायचा. आपला भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. चोर-दरोडेखोरांची भीती होती, रझाकारांचे दिवसही लोकांनी पाहिले. जाड भिंत म्हणजे सुरक्षा, अशी समजूत पक्की झाली. जितकी भिंत जाड तितकं घर मोठं आणि घराण्याची पत मोठी.

या घरात तीन दोष होते, आणि तिन्ही डोळ्यांना दिसत नव्हते.

पहिला दोष भिंतीच्या पोटात. बाहेरून दगडाचा एक पदर, आतून दुसरा पदर, आणि मधे कपच्या आणि माती भरलेली. दोन्ही पदरांना एकत्र धरून ठेवणारा आरपार लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हताच, कारण लांब दगड घडवायला पैसे जास्त लागायचे. अशी भिंत वजन पेलते, वर्षानुवर्षं उभीही राहते. पण जमीन आडवी हलली की दोन पदर एकमेकांपासून सुटतात. गवंडी म्हणतात ना, "भिंतीला पोट आलं", तेच काही सेकंदांत होतं, आणि भिंत फुटून आत नाहीतर बाहेर पडते.

दुसरा दोष कोपऱ्यात. समोरची भिंत एकदा बांधायची, बाजूची नंतर जोडायची, असं चालायचं. कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींत गुंतवलेल्या नसायच्या. चार भिंती असायच्या, पण प्रत्येक एकटी उभी.

तिसरा दोष डोक्यावर. दर पावसाळ्याआधी गळती थांबवायला माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर टाकायचा. जुना थर काढायचा नाही. आजोबांची माती, बापाची माती, आपली माती, सगळी वरच. हिशेब करून बघा. दहा फूट बाय दहा फूट खोलीवर दीड फूट माती असेल तर ती दीडशे घनफूट झाली. कोरडी असली तरी तिचं वजन सहा टनांच्या वर जातं. पावसात ती भिजली की आणखी वाढतं. एवढं ओझं डोक्यावर घेऊन आपण झोपत होतो.

आणि एक गोष्ट फार थोड्या लोकांनी तेव्हा ध्यानात घेतली. कितीतरी घरांत भिंती पडल्या, पण आतले लाकडी खण उभेच राहिले. म्हणजे जुनं सगळंच वाईट नव्हतं. पण भूकंपानंतर लोकांच्या मनात दगड आणि लाकडाची अशी धास्ती बसली, की अनेकांनी चांगली सागवानी लाकडं मिळेल त्या भावानं विकून टाकली आणि वर्षानुवर्षं पत्र्याखाली काढली. दोष दगडाला दिला गेला. खरा दोष बांधणीचा होता.

आता नियमांकडं येऊ. भारतात भूकंपाचा विचार करून इमारत कशी बांधायची याचं मानक १९६२ साली आलं. त्याला आयएस १८९३ म्हणतात. त्यात देशाचे पट्टे पाडलेले असतात: कुठं धोका जास्त, कुठं कमी. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेला भूकंप झाला, तोपर्यंत दख्खनचं पठार म्हणजे हलणार नाही असा खडक, असं मानायचे. कोयनेनंतर नकाशा बदलला, पण आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्याच पट्ट्यात राहिला. १९९३ साली किल्लारी पहिल्या पट्ट्यात होती. १९९२ च्या ऑगस्टपासून किल्लारीच्या आसपास लहान-मोठे धक्के बसत होते, भांडी वाजत होती, तरी कागदावर आपण सुरक्षित होतो. पुढं २००२ साली नकाशा पुन्हा काढला, तेव्हा पहिला पट्टाच रद्द केला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात टाकला. शहाणपण आलं, पण माणसं गेल्यावर आलं.

पण मैत्रिणींनो, इथंच खरी मेख आहे. कुठलाही नवा नियम लागतो तो नव्या घराला. उद्या जे बांधाल ते असं बांधा, असं तो सांगतो. जे आधीच उभं आहे त्याचं काय? गावात दहा घरं नवी होत असतील तर शंभर घरं जुनी असतात. रात्री आपण झोपतो ती बहुतेक जुन्यातच.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात लॉंग बीचला १९३३ साली भूकंप झाला. त्यानंतर तिथं नव्या बांधकामाचे नियम कडक झाले. पण लॉस एंजेलिस शहरात त्याआधीच्या विटांच्या हजारो इमारती तशाच उभ्या राहिल्या. त्यांना हात लावायचा कायदा त्या शहरानं १९८१ साली केला. म्हणजे नव्या घराच्या नियमापासून जुन्या घराच्या नियमापर्यंत जवळपास पन्नास वर्षं गेली. सुमारे आठ हजार इमारती त्यात होत्या. मालकांना सांगितलं, भिंती छताला आणि मजल्याला लोखंडानं बांधा, नाहीतर पाडा. मालक ओरडले: खर्च कुणी करायचा? भाडेकरू घाबरले: भाडं वाढलं तर जायचं कुठं? तरीही काम झालं. १९९४ च्या जानेवारीत, म्हणजे आपल्या भूकंपानंतर चारच महिन्यांनी, तिथं मोठा भूकंप झाला. तेव्हा मजबूत केलेल्या इमारतींचं नुकसान न केलेल्यांपेक्षा कमी झालं.

त्या श्रीमंत शहरात जो वाद झाला तोच आपल्या गावात झाला. जुनं घर मजबूत करायचं तर आधी ते तपासायचं कुणी? पैसा घालायचा कुणी? आणि त्यात राहणाऱ्या बाईला विचारायचं कुणी?

आपल्याकडं सरकारनं जागतिक बँकेचं कर्ज घेऊन महाराष्ट्र आपत्कालीन भूकंप पुनर्वसन कार्यक्रम सुरू केला. गावांचे तीन गट पाडले. पहिल्या गटात ५२ गावं, पूर्ण उद्ध्वस्त झालेली. ती नव्या जागी बसवली. दुसऱ्या गटात आणखी काही गावं, तिथल्या तिथं पुन्हा बांधायची. आणि तिसऱ्या गटात पंधराशेच्या आसपास गावं, जिथं घरं पडली नव्हती पण तडकली होती, खचली होती. तिथं घरांची दुरुस्ती करून ती मजबूत करायची होती.

वर्तमानपत्रांत फोटो आले ते ५२ गावांचे. सरळ रस्ते, ओळीत घरं. घर किती मोठं द्यायचं ते जमिनीवर ठरलं: भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. भिंती मजबूत होत्या, हे मान्य. पण गोठा कुठं, कडबा कुठं, सरपण कुठं, दोन सुना आल्या तर दोन चुली कुठं, हे कुणी बाईला विचारून नकाशा काढला नव्हता. भावकीची घरं लांब लांब गेली. म्हणून पुढं लोकांनी त्या घरांना पत्रे जोडले, भिंती फोडून दारं काढली, पडव्या ओढल्या. मजबूत घराची भिंत विचार न करता फोडली की ते घर मजबूत राहत नाही, ही गोष्ट त्यांना नीट समजावून सांगितली गेली नव्हती.

फोटो आले नाहीत ते तिसऱ्या गटाचे. पण इतिहास म्हणून पाहिलं तर खरं मोठं काम तिथं होतं. दोन लाखांच्या आसपास घरं. भारतात खेड्यातली जुनी घरं इतक्या मोठ्या संख्येनं मजबूत करायचा प्रयत्न तोपर्यंत झाला नव्हता. त्याच सुमारास, १९९३ सालीच, जुन्या इमारतींची दुरुस्ती आणि मजबुती कशी करायची याचं भारतीय मानकही आलं होतं, आयएस १३९३५. मातीच्या आणि कच्च्या दगडी घरांसाठीही वेगळी मानकं आली. आता ती पुस्तकातून उतरवून आपल्या माळवदावर न्यायची होती.

उपाय काय होते ते ऐका, कारण ते आजही तेवढेच खरे आहेत. माळवदावरची माती उतरवून आठ इंचांच्या आत आणायची. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही पदर एकमेकांना टाचले जातात, गोधडीला टाके घालतो तसे. दारं-खिडक्यांच्या वर आणि छताखाली घराभोवती जाळी आणि सिमेंटचा पट्टा फिरवायचा, म्हणजे चार भिंती कमरेला एक पदर खोचल्यासारख्या एकत्र बांधल्या जातात. लाकडी खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरका धीर द्यायचा, म्हणजे खण डुलून आडवा होत नाही. यातलं एकही काम परदेशातून माणूस आणून करायचं नव्हतं. गावचा गवंडी, गावचा सुतार करू शकत होता.

मदतीची रक्कम नुकसानीच्या प्रमाणात १७ हजारांपासून ३४ हजारांपर्यंत होती आणि ती हप्त्यानं मिळायची. काम मालकानं स्वतः करून घ्यायचं. ठेकेदार नाही. आता मालक म्हणजे कोण? कागदावर बाप्या. पण बाप्या शेतात, बाजारात नाहीतर पुण्या-मुंबईला. घरी वाळू उतरवून घेणारी, सिमेंट भिजू नये म्हणून झाकणारी, भिंतीवर पाणी मारणारी बाई.

इथं आपल्या मंडळांचा इतिहास सुरू होतो. प्रेमा गोपालन यांनी उभ्या केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेला सरकारनं या कामात लोकसहभागाची जबाबदारी दिली. गावोगावच्या महिला मंडळांतून बायका निवडल्या. त्यांना नाव मिळालं संवाद सहायक. घरात बोलायला बंदी असलेल्या बायका गावात संवाद साधायला निघाल्या. त्यांनी घरोघरी जाऊन योजना सांगितली, हप्ता का अडला ते इंजिनिअरला विचारलं, पट्ट्यात सळई पडली की नाही ते पाहिलं, सिमेंटचा माल किती मिसळला ते मोजलं. सुरुवातीला लोक म्हणाले, बाईला बांधकामातलं काय कळतं? पण ज्या बाईनं आयुष्यभर भिंत लिंपली, कुठं ओल येते, कुठं भेग पडते ते रोज पाहिलं, तिच्याइतकं घर कुणाला कळतं?

त्याच मंडळांतून पुढं बचत गट उभे राहिले. २६ जानेवारी २००१ ला कच्छला भूकंप झाला, तेव्हा आपल्या भागातल्या बाया गुजरातला गेल्या. तिथल्या बायांना त्यांनी सांगितलं, रडून झालं की उठा, आणि घर बांधताना तुम्ही उभ्या राहा. आपली भाषा वेगळी, त्यांची वेगळी. पण सळई आणि वाळूची भाषा एकच.

आता खरं ते सगळं सांगू. हे काम पूर्ण यशस्वी झालं का? नाही. मजबुतीसाठी आलेले पैसे बहुतेक घरांनी जुनं माळवद टाचण्यात घातले नाहीत. त्यांनी शेजारी विटा-सिमेंटची एक नवी छोटी खोली बांधली. लोकांना दोष देता येत नाही. ज्या भिंतीनं शेजारच्या गावात माणसं मारली तिच्यावर पुन्हा पैसे घाला, असं कुणी म्हटलं तर मन धजावत नाही. नवी खोली डोळ्यांना दिसते, भिंतीच्या पोटातला टाका दिसत नाही. पण झालं काय? कितीतरी घरांत नव्या खोलीत झोपणं, टीव्ही, पाहुणे, आणि जुन्या माळवदाखाली चूल, धान्य आणि दिवसभर वावरणारी बाई. धोका घरातून गेला नाही, तो बाईच्या वाट्याला उरला.

भूकंपाला तीस वर्षं उलटून गेली. एक पिढी अशी आली जिनं तो पाहिला नाही. मार्च २०२४ मध्ये हिंगोली-नांदेडकडं धक्के बसले, तेव्हा मोबाइलवर चर्चा झाली आणि दोन दिवसांत विरली. तिकडं गावात नव्या चुका सुरू आहेत. दगड-मातीच्या जुन्या भिंतीवरच स्लॅब ओतणं ही त्यातली सगळ्यात वाईट. मातीचं ओझं काढून त्या जागी काँक्रीटचं ओझं ठेवलं, आणि खालची भिंत तीच, पोट सुटलेली. खाली दुकानासाठी भिंती काढून नुसते खांब ठेवायचे आणि वर मजले चढवायचे, हे उमरग्यापासून तुळजापूरपर्यंत रस्त्याकडेला दिसतं.

मग कायदा काय करतो? धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा अशा शहरांत नगरपरिषद आहे. राज्यातल्या बहुतेक शहरांसाठी २०२० साली बांधकामाची एकच नियमावली आली. ती प्रामुख्यानं नव्या बांधकामाची. जुन्या धोकादायक इमारतीला पावसाळ्याआधी नोटीस येते: रिकामी करा, दुरुस्त करा नाहीतर पाडा. नोटीस देणं गरजेचं आहेच. पण जुन्या वाड्यात भाड्यानं राहणाऱ्या विधवा बाईला नोटीस मिळाली, तर तिनं जायचं कुठं आणि दुरुस्ती कुठल्या पैशानं करायची, हे नोटिशीत लिहिलेलं नसतं. खेड्यात ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे बांधकामाला ग्रामपंचायतीची परवानगी लागते. पण परवानगी देताना जागा कुणाची ते पाहतात, भिंतीत पट्टा आहे का ते कोण पाहतं? आणि मानक पुस्तकात असलं तरी, कायद्यानं किंवा नियमावलीनं बंधनकारक केल्याशिवाय ते कुणावर सक्तीचं होत नाही.

म्हणून आम्हाला वाटतं, जुन्या घराचा नियम नोटिशीपासून सुरू होऊ नये. आधी तपासणी, मग सल्ला, मग पैशाची सोय, आणि शेवटी सक्ती, असा क्रम हवा. घरकुलासाठी अनुदान मिळतं, पण ते नवीन घर बांधायला. जुनं चांगलं माळवद मजबूत करायचं म्हटलं तर कुठल्या टेबलावर जायचं, हे आज आपल्या बाईला सापडत नाही. ही मागणी ग्रामसभेत आपणच मांडायला हवी.

आणि ग्रामसभेची वाट न पाहता करण्यासारखंही पुष्कळ आहे. येत्या बैठकीत गटातल्या प्रत्येकीनं आपल्या घराच्या चार गोष्टी सांगाव्यात. भिंतीला कुठं पोट आलंय का? कोपऱ्यात वरून खाली भेग आहे का? माळवदावर माती किती इंच आहे? आपण झोपतो त्या जागी डोक्यावर काय आहे? माती उतरवायला सिमेंट लागत नाही, चार माणसं आणि पाट्या लागतात. एकमेकींच्या घरी सावडीनं जाऊन हे काम उन्हाळ्यात होऊ शकतं. मात्र तुळया कुजक्या असतील तर आधी सुताराला दाखवा, आणि माती सगळ्या बाजूंनी सारखी उतरवा. वर गळू नये म्हणून काय करायचं तेही आधीच ठरवा. आरपार टाके आणि पट्टे घालायचे असतील तर जाणकार इंजिनिअरला विचारल्याशिवाय भिंतीला भोक पाडू नका. नवी खोली बांधत असाल तर जोत्याला, दारावर आणि छताखाली पट्टा घातल्याशिवाय गवंड्याला पुढं जाऊ देऊ नका. सळई झाकली जायच्या आधी स्वतः बघा. संवाद सहायक बायांनी हेच केलं होतं.

ज्या बाया तेव्हा संवाद सहायक होत्या त्या आज साठीच्या पुढं आहेत. तुमच्या गावात अशी कुणी असेल तर तिला गटात बोलवा. शाळेतल्या मुली आल्या तर आणखी चांगलं. जोत्यापासून माळवदापर्यंत घर कसं तपासायचं ते तिच्या हातांना माहीत आहे, आणि ते तिच्याबरोबर संपू नये.

 तुमच्या घराच्या चार गोष्टी आम्हाला जरूर कळवा.